खांदेमळणीचं तेल

गोदावरीच्या एका उतारावर सरकारी होडीच्या नावाड्यानं पोळ्याचं तेल लावलं, त्यामुळे बिनतारी यंत्र मुकं झालं, खालच्या घाटावर पुराचा निरोप पोचला नाही आणि तिथल्या दोन नावा वाहून गेल्या, असं गेवराई तालुक्यात नदीकाठची जुनी माणसं अजून सांगतात. यंत्र मुकं झालं हे खरं आहे. नावा गेल्या हेही खरं. तेलही खरं. ते लावणारा हात मात्र नावाड्याचा नव्हता, माझा होता. तो नावाडी त्यानंतर कधी नदीवर परतला नाही आणि मी सरकारी नोकरी पुरी करून पेन्शनीवर निघालो. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला आडवाटेनं जाता येणार नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. माझं घर नेकनूरकडचं, शेतकऱ्याचं. भाऊ शेतीत राहिले आणि मला उर्दू बरी येते म्हणून हैदराबादला बिनतारी संदेशाचं काम शिकायला धाडलं. शिकून आलो आणि पावसाळ्याच्या तोंडाला नदीवर नेमणूक झाली. पात्रात एक उभी पट्टी रोवलेली होती. तिच्यावर पाणी किती चढलं ते बघायचं आणि टकटक करून खालच्या घाटावरच्या केंद्राला कळवायचं, एवढंच काम. यंत्र काठावर न ठेवता होडीत ठेवलं होतं, कारण पूर आला की काठ राहत नाही, होडी मात्र पाण्याबरोबर वर सरकते. होडी लहानच. मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर, त्याखाली यंत्र, बॅटऱ्या आणि माझं अंथरूण. पुढच्या अंगाला नावाडी. मध्ये वेळूची उंच काठी आणि तिच्या टोकावरून काठावरच्या बाभळीपर्यंत ताणलेली एरियलची तार.

काठावर वस्ती नव्हती. पीठ आणि घासलेट तलवाड्याहून आणावं लागे. ते आणायला नावाडी गेला की होडीवर मी एकटा. कानाला यंत्राची डबडी लावली की कुठून कुठून लांबची टकटक ऐकू यायची. कोण कुणाशी बोलतंय ते कळायचं नाही. फक्त हात ओळखू यायला लागले होते. एकजण घाईनं ठोकायचा, एकजण प्रत्येक अक्षरानंतर दम खायचा. मी त्या दम खाणाऱ्याची संध्याकाळी वाट बघायचो. त्याला माझी खबर नव्हती.

नावाडी माझ्या बापाच्या वयाचा. मी त्याला मामा म्हणायचो आणि तो मला तारवाले.

"तारवाले, दिसभर कानाला डबडी लावून बसता. कोन बोलतंय तुमच्यासंगं?"

"माझ्याशी कुणी बोलत नाही, मामा."

"मग आयकता कावून?"

मी डबडी पुन्हा कानाला लावायचो. मग तोच म्हणायचा, "आमची म्हातारी बी अशीच. टकटक लई, मतलब इवलासा." आणि स्वतःच हसून चिलीम भरायला घ्यायचा.

आता तारेचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आलं. काठीच्या टोकाची तार उघड्या तांब्याची होती. तिला एक दुसरी तार जोडून ती छपराखाली यंत्रापर्यंत आणायची असते. या खालच्या तारेसाठी कोठारातून मला दोन भेंडोळी मिळाली होती. एकीवर सुताचं विणलेलं आवरण होतं, दुसरीवर रबराचं. सुताची तार दिसायला झकास, हाताला मऊ, वळवायला सोपी. रबराची ताठ आणि वास मारणारी. मी दोन्हींचे तुकडे तांब्याभर पाण्यात टोकं बुडवून टांगून ठेवले. सकाळी सुताची तार पाण्याच्या वर वीतभर ओली झालेली. दिव्याची वात तेल ओढते तसं तिनं पाणी ओढलं होतं. रबराची कोरडी ठणठणीत. मी रबराची घेतली.

जोड करायला मी सगळी दुपार लावली. तांबं चाकूनं खरवडून लख्ख केलं, दोन्ही तारांना एकमेकींवर पीळ घातला, शेगडीवर झाळायची सळई तापवून कथलानं झाळलं. त्यावर ताणून ताणून रबरी पट्टी गुंडाळली, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि कौलांसारखं पाणी बाहेरच्या बाहेर उतरतं. तिच्यावर काळी चिकटपट्टी, त्यावर दोऱ्याचा वेढा. छपरात शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ सोडला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकावं, आत येऊ नये. जोड काठीवर माणसाच्या खांद्याच्या उंचीला आला होता. शिकवणारे मास्तर हैदराबादला म्हणाले होते, रबराच्या जोडाला पाणी काही करत नाही, ऊन थोडं करतं, तेल सगळं करतं. तेलानं रबर फुगतं, मऊ होतं, चिकट होतं आणि मग त्यातून पाणी वाट काढतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता आलं नाही.

श्रावण संपत आला. पोळ्याला घरी जायला मी रजा मागितली होती. पावसाळ्यात केंद्र सोडायचं नाही, असा निरोप उलट आला. ऐन श्रावणात मी घराबाहेर पहिल्यांदाच होतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांना धुऊन आणतात आणि जू बसून सुजलेले त्यांचे खांदे तेल-हळदीनं मळतात. लहानपणापासून आमच्या पांढऱ्या बैलाचा खांदा माझ्याकडे असे. भाऊ नांगर धरायचे, मी शाळेत जायचो, म्हणून त्या एका दिवशी तरी बैलाची चाकरी मी करावी असं आई म्हणायची.

त्या सांजेला मी छपराखालून बाहेर आलो तर मामा वाटीत करडईच्या तेलात हळद कालवून बसला होता. होडीच्या काठावर जिथं वल्ह्याचा दांडा घासतो, तिथं तो तळव्यानं तेल जिरवत होता. हळूहळू, गोल गोल, बैलाचा खांदा मळावा तसं.

"हे काय, मामा?"

"आमच्याकं बैल न्हाई, वावर न्हाई. मग पोळा कुनाचा करावा? हिचा." त्यानं होडीवर थाप मारली. "आमच्या साऱ्या नावाडी घरात असंच हाय. हिचं खांदं हितं दुकतेत." मग तो होडीच्या नाकाशी वाकला आणि बैलाच्या कानात सांगतात तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

  मी वाटीतल्या हळदीकडे बघत राहिलो.

मामानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी शेतकऱ्याचं ना? तुमचा बैल कुठं हाय हितं?"

मी काठीकडे बोट केलं.

"मग त्येचा खांदा कोनता?"

मी जोडावर हात ठेवला. मामानं वाटी पुढं केली, पण माझी बोटं तिच्यात जायच्या आत ती जराशी मागं घेतली.

"चालतंय न्हवं? सरकारी चीज हाय."

"चालतंय," मी म्हणालो.

मी जोड मळला. काळ्या पट्टीवरून, दोऱ्यावरून, रबरी तारेवरून खाली झोळापर्यंत. बोटांना हळदीचा वास लागला आणि घटकाभर मी घरी होतो. मामा शेजारी उभा राहून म्हणाला, "जोर लावा की. बैल हाय का मांजर?" आम्ही दोघं हसलो. त्या होडीवर इतकं मोकळं मी पुन्हा हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला विचार तेलाचाच आला. पट्ट्या सोडून, स्पिरिटनं पुसून, जोड नव्यानं बांधायला हवा होता. पण मामा काठावर तीन दगडांच्या चुलीवर पुरण शिजवत होता आणि त्यानं काठीला झेंडूची माळ घातली होती. त्याच्या देखत ते तेल पुसायचं म्हणजे आदल्या सांजेचं सगळंच पुसायचं, असं मला वाटलं. उद्या करू म्हटलं. उद्या मी जोडाला हात लावून पाहिला, वरून घट्ट होता. यंत्र नीट बोलत होतं. रबरी पट्टीचं एकच भेंडोळं होतं, तेही थोडंसं उरलेलं. मग मी तो विषय मनातच बाजूला ठेवला. तेल रबरात उतरायला वेळ घेतं. त्या वेळात मला रोज सकाळी एक संधी मिळत होती.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली आणि उघडली. चौथ्या दिवशी दुपारी आमच्याकडे ऊन होतं. मामा पाण्याकडे बघत होता.

"वर कुठंतरी लई झालंय. फेस बगा. काड्या बगा."

पात्रातल्या पट्टीवर पाणी डोळ्यांदेखत चढायला लागलं. मी यंत्राशी बसलो आणि निरोप ठोकायला घेतला. एरियलमध्ये वीज जाते की नाही हे दाखवणारा एक काटा यंत्रावर असतो. तो जागचा हलेना. दोन्ही बॅटऱ्या पाहिल्या, ठीक होत्या. कानाच्या डबड्यातली नेहमीची टकटकही भिंतीपलीकडून यावी तशी येत होती. तेव्हाच मला कळलं. बाहेर येऊन मी जोडाचा दोरा कापला. आतली रबरी पट्टी बोटाला गुळाच्या पाकासारखी आली. झडीचं पाणी तिच्यात साठलं होतं आणि पिळातलं तांबं हिरवं पडलं होतं. ओली काठी, ओली तार, सगळी वीज तिथंच पाण्यात मरत होती.

जोड कापून पुन्हा करायला लागलो. तारेत तेल इतकं आत शिरलं होतं की कथील धरेना. खरवडलं, पुसलं, पुन्हा तापवलं. तेवढ्यात आमच्यावरही पाऊस आला. मामानं नांगर उचलून होडी बाभळीजवळच्या ओढ्याच्या तोंडाशी आणली, बांधली आणि आपलं घोंगडं माझ्या हातांवर छत्रीसारखं धरून उभा राहिला. तो स्वतः भिजत होता.

"व्हतंय का, तारवाले?"

"होतंय."

"खालच्या घाटावर आमचा मेव्हना हाय. नावा काठालाच बांधल्या असतील त्येनं."

 शेवटी कथलाचा नाद सोडला आणि कोरड्या भागातून तार ओढून नुसता पीळ दिला. काटा हलला. निरोप गेला. पलीकडच्याचं उत्तर आलं ते असं होतं, की पाणी त्यांच्याकडे येऊन गेलं. माणसं चढून गेली होती, पण काठाला बांधलेल्या दोन नावा तुटून गेल्या. त्यातली एक मामाच्या मेव्हण्याची होती.

पूर ओसरल्यावर आमच्या खात्याचे साहेब आले. त्यांना मोहतमीम साहेब म्हणत. ते होडीवर चढले आणि कापलेला जोड मागितला. मी दिला. त्यांनी तो हातात फिरवला, हुंगला, बोटाला लागलेली हळद उजेडात पाहिली.

"ये तेल किसने लगाया?"

त्यांनी विचारलं मला. उत्तर मामानं दिलं.

"पोळ्याला लावतेत सरकार. आमच्यात नावंला लावतेत."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी लावलं असं तो म्हणाला नाही, आणि यांनी लावलं असंही नाही. एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग वल्ह्याकडे नजर वळवली. त्यानं मला बोलायला जागा करून ठेवली होती. साहेबही माझ्याकडे बघत होते. मला आठवतं, त्या वेळी माझ्या डोक्यात सरळ विचार चालला होता. ही माझी पहिली नोकरी. मला शिकवलेलं होतं, तेव्हा माझी चूक अजाणतेपणाची धरली जाणार नाही. मामा नावाडी आहे, नदी लांबलचक आहे, त्याला कुठंही नाव मिळेल. मी गप्प राहिलो. साहेबांनी नावाड्यांच्या अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवले आणि त्याला तिथंच कामावरून कमी केलं.

मामानं बोचकं बांधलं. उतरताना म्हणाला, "नांगराचा दोर सडत आलाय. साहेबाला नवा मागा." पुढं काही बोलेल म्हणून मी थांबलो. "येतो तारवाले," म्हणाला आणि काठानं खालच्या बाजूला चालू लागला. खालच्या बाजूलाच त्याची माणसं होती.

मी हिशेब चुकलो होतो. नदी लांबलचक होती, पण तिच्यावरची नावाडी घरं एकमेकांची सोयरी होती. साहेबांचं बोलणं त्यांच्यापर्यंत मामाच्या आधी पोचलं. ज्याच्या तेलानं मेव्हण्याची नाव गेली, त्याच्या हातात कुणी वल्हं देईना. काही महिन्यांनी तो काठ सोडून गेला असं कळलं. मी त्या होडीवर आणखी दोन पावसाळे काढले. नवा नावाडी कामापुरतं बोलायचा. मीही त्याच्याशी कामापुरतंच बोललो. संध्याकाळी डबडी कानाला लावून बसायचो. दम खाऊन ठोकणारा तो हात पुढं पुढं ऐकू येईनासा झाला. बदली झाली असेल.

राज्य बदललं, खातं बदललं, मी बीडला आलो. एकदा बसनं जाताना चौसाळ्याला गाडी थांबली. हॉटेलासमोर एक म्हातारा खांद्यावर कावड घेऊन पाणी भरत होता. मी खाली उतरलो. त्यानं मला आधी ओळखलं.

"बरं हाय का तारवाले? तार बोलती का?"

"बोलते, मामा."

"मग झालं."

"तुम्ही इथं कसे?"

"हितं पानी हाय की. हिरीचं हाय, पन पानीच हाय." तो हसला. मी म्हणायचं वाक्य इतक्या वर्षांत घासून तयार केलं होतं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. गाडी सुटली असती तर दुसरी मिळाली असती, तासाभरात. मी गाडीत चढलो.

मामा गेल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं. माझी बायको गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी चौसाळ्याला गेलो. त्याच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे. मुलगा म्हणजे तोही आता पांढऱ्या केसांचा. मी कोण ते सांगितलं, मग तेलाचं सगळं सांगितलं. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"तवाच कावून न्हाई बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून."

"गेली असती?"

"गेली असती."

त्यानं बुडबुड्याच्या जागेवर खूण केली. "आमच्या बहिनीला बगायला नदीकडचं पाव्हनं येऊन परत गेलते, दोनदा. बाप मेला तर मयतीला तिकडून मानूस आलं न्हाई. ज्याची नाव गेली त्यो आमचा सख्खा मामा सुदिक न्हाई." मग चहा सांगितला. माझ्यासाठी एकच. "मला सांगून काय व्हनार? मी काय बापाला दोस दिला न्हाई कधी. ज्यांनी दिला त्यांस्नी सांगा. घाटावर जावा."

मी घाटावर गेलो. तिथं आता पूल आहे. नाव एकही नाही. नावाड्यांची घरं वीटभट्ट्यांवर, साखर कारखान्यांवर पांगलेली. देवळाच्या पारावर त्यांच्यातला एकच जुना माणूस बसलेला भेटला. कानानं अधू. मी शेजारी बसून मोठ्यानं सांगितलं. त्यानं मान हलवली.

"तेलवाला. व्हय. त्येनंच बुडीवल्या."

"त्यानं नाही बाबा. तेल मी लावलं. मी."

"व्हय, व्हय," तो म्हणाला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई वंगाळ केलं त्येनं. आमची बी नाव गेलती."

मी तिसऱ्यांदा सांगितलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन. तो ऐकत होता की नुसता माझ्याकडे बघत होता, कळलं नाही. पारावर दुसरं कुणी नव्हतं. त्याची सून जेवायला हाक मारून गेली आणि तो काठी टेकत उठला. मीही उठून बसथांब्याकडे निघालो.

त्यानंतर हे लिहायला घेतलं. छापून आलं की एक प्रत चौसाळ्याला त्या मुलाला नेऊन देईन. घाटावर कुणाला द्यायची ते अजून मला कळलेलं नाही.